सुदान ब्लॉक आणि खडकवासल्याचे परदेशी कॅडेट

दुसऱ्या देशाच्या पैशातून आपल्याकडे काय काय उभे राहते, हे बोईसर-तारापूरच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. १९६३ साली भारत आणि अमेरिकेचा करार झाला, पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले, अमेरिकन सरकारने सवलतीचे कर्ज दिले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या दोन अणुभट्ट्या वीज विकू लागल्या. पुढचेही आपल्याला ठाऊक आहे. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरचे इंधन अडले. १९८२ साली फ्रान्सने ते द्यायचे कबूल केले, तेव्हा कुठे घोर मिटला. या सगळ्या ओढाताणीत भट्ट्या चालवत ठेवल्या त्या आपल्याच अभियंत्यांनी आणि तंत्रज्ञांनी. अमेरिकेला इंधन थांबवता आले, पण आपल्या माणसांनी शिकून घेतलेले काम काही परत मागता आले नाही.

लष्करी प्रशिक्षणाच्या विषयाकडे मी वळलो तो याच विचाराने. एका देशाचे सरकार खर्च करते आणि दुसऱ्या देशाचे सैनिक किंवा अधिकारी त्यातून शिकतात, अशी व्यवस्था जगभर आहे. तिच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. खरे तर या व्यवस्थेतली भारतातली काही मोठी ठाणी आपल्याच राज्यात आहेत. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, देवळालीचे तोफखान्याचे विद्यालय, नगरचे चिलखती दलाचे केंद्र, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांतली ठळक नावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. परक्या उस्तादाकडून कवायत शिकणे आपल्याला जुनेच आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सरदाराकडून आपल्या पलटणी तयार करून घेतल्या. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला, त्यात मुलूख तोडून देऊन त्या उत्पन्नावर इंग्रजांची फौज पोसायची होती. खर्च आपला आणि हुकूम त्यांचा, असा तो प्रकार. स्वातंत्र्यानंतर आपण सोव्हिएत रशियाकडून शिकलो. १९६७ साली दाखल झालेल्या पहिल्या ‘कलवरी’ पाणबुडीचे नौसैनिक तिकडेच तयार झाले होते. परदेशी अधिकाऱ्यांना शिकवणारा अमेरिकेचा आयमेट नावाचा कार्यक्रम १९७६ पासून सध्याच्या स्वरूपात चालू आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यातल्या भारताच्या जागा बंद झाल्या आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झाल्या. पाकिस्तानच्या जागा १९९० पासून बराच काळ बंद होत्या. त्या वर्षांत अमेरिका न पाहिलेली अधिकाऱ्यांची एक पिढीच तिथे वर आली आणि त्याची रुखरुख अमेरिकन सेनापतींनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. भारताचा स्वतःचा कार्यक्रम म्हणजे आयटेक. तो १५ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू झाला. परराष्ट्र मंत्रालय त्याचा खर्च उचलते आणि मित्रदेशांचे मुलकी कर्मचारी व लष्करी अधिकारी आपल्या संस्थांत येऊन शिकतात.

आता मला खरोखर ज्याविषयी लिहायचे आहे तिकडे येतो. ती एक इमारत आहे.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेलात की घुमटाची एक भव्य तीनमजली इमारत समोर येते. जोधपूरचा लाल दगड, बेसाल्ट आणि ग्रॅनाइट, कमानी, खांब, रुंद व्हरांडे. प्रबोधिनीचे मुख्यालय इथेच आहे. हिचे नाव सुदान ब्लॉक. पासिंग आउट परेडला आलेले पालक हिच्यासमोर हौसेने फोटो काढतात, पण पुण्याजवळच्या या इमारतीला आफ्रिकेतल्या देशाचे नाव कसे, हे विचारणारे त्यांत मला क्वचितच भेटले. हा प्रश्न अनेक वर्षे माझ्या मागे लागला आहे आणि त्याचे उत्तर मला प्रत्येक वेळी तितकेच आवडते.

जुलै १९४० मध्ये इटलीच्या सैन्याने सुदानच्या सीमेवरचे कसाला हे गाव घेतले. सुदानवर तेव्हा ब्रिटन आणि इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता आणि शेजारच्या इरिट्रिया व इथिओपियात इटालियन फौजा मोठ्या संख्येने होत्या. सुदान वाचवायला गेल्या त्या मुख्यतः चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनच्या पलटणी. जानेवारी १९४१ मध्ये कसाला परत मिळाले आणि फौजा इरिट्रियात घुसल्या. पुढे केरेनचे डोंगर आडवे आले. रस्ता आणि रेल्वे दोन्ही एका अरुंद खिंडीतून जात होती आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवर इटालियन तोफा होत्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून २७ मार्चपर्यंत ही लढाई चालली. वर पाणी नेण्यासारखा रस्ता नाही, सावली नाही, आणि दारूगोळा पाठीवर वाहून न्यायचा.

या लढाईत आपली माणसे होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन मार्चच्या मध्यात केरेनच्या ‘फ्लॅट टॉप’ नावाच्या टेकडीवर चढली आणि तिने ती घेतली. त्याआधी सुदान-इथिओपिया सीमेवर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत सलग चार दिवस सुरुंग शोधत आणि निकामी करत फौजेच्या पुढे चालत राहिला. गाडीखाली सुरुंग फुटले, कानाचा पडदा फाटला, तरी त्याने काम सोडले नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारा तो पहिला भारतीय अधिकारी. कोकण-देशावरच्या ज्या गावांनी या पलटणींना माणसे दिली, त्या गावांच्या शाळांत केरेनचे नाव शिकवले जात नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. पानिपत आपल्याला तोंडपाठ असते, पण आजोबा-पणजोबांनी जिंकलेल्या टेकडीचे नाव माहीत नसते.

या पराक्रमाची आठवण म्हणून १९४१ साली सुदान सरकारने भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंड दिले. हुतात्म्यांचे स्मारक उभारावे असा हेतू होता. दगडाचा खांब उभारण्याऐवजी तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिकवणारी प्रबोधिनीच स्मारक म्हणून उभारावी, असा विचार पुढे आला. फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या समितीने तिचा आराखडा केला. फाळणी झाली तेव्हा टेबल-खुर्च्यांपासून बँडच्या वाद्यांपर्यंत सगळे वाटले गेले, तशी ही देणगीही वाटली गेली. भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले, पाकिस्तानच्या वाट्याला ३० हजार. मुंबई सरकारने खडकवासल्याला जमीन दिली, ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली, १९५४ च्या डिसेंबरात कॅडेट राहायला आले आणि पुढच्या जानेवारीत रीतसर उद्घाटन झाले. सुदानच्या पैशाची इमारत मात्र ३० मे १९५९ रोजी खुली झाली आणि ती सुदानच्या राजदूतांनी खुली केली.

हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४१ साली पैसे देणारे सरकार परकीयांचे होते. सुदान स्वतंत्र झाला १९५६ मध्ये. या देणगीशी आपला संबंध नाही असे स्वतंत्र सुदानला म्हणता आले असते. तो तसे म्हणाला नाही. मधल्या काळात भारतानेही त्या देशासाठी काही केले होते. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३ साली सुदानला गेले आणि तिथल्या पहिल्या निवडणुकीचे काम त्यांनी पाहिले. सैनिकांनी जोडलेला संबंध एका सनदी अधिकाऱ्याने पुढे नेला.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ज्या इमारतीचा पैसा इटलीविरुद्धच्या लढाईतून आला, तिच्या दर्शनी दालनातली फरशी पांढऱ्या इटालियन संगमरवराची आहे. तिथल्या भिंतींवर परमवीर चक्र आणि अशोक चक्र मिळवलेल्या माजी कॅडेटांच्या तसबिरी आहेत. तिथे उभे राहिले की आवाज आपोआप खाली येतो.

याच इमारतीच्या परिसरात आज मित्रदेशांचे कॅडेट आपल्या मुलांबरोबर तीन वर्षे काढतात. भूतान, मालदीव, ताजिकिस्तान, व्हिएतनाम अशा किती तरी देशांची मुले इथे शिकून गेली आहेत. त्यांना वेगळी बराक नाही, वेगळा मेस नाही. आपल्या मुलांच्याच स्क्वाड्रनमध्ये राहायचे, पहाटे त्याच ड्रिलला जायचे, चुकले तर तोच रगडा खायचा आणि शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची तीच पदवी घ्यायची. परेडच्या अखेरीस कॅडेट ‘अंतिम पग’ ओलांडतात, तेव्हा ही मुलेही त्याच रांगेत असतात. आमच्या बोईसरमधल्या एका कुटुंबाचा मुलगा तिथे असताना त्याचा भूतानी कोर्समेट सुट्टीत इकडे आला होता. त्याने समुद्र आधी नीट पाहिलेला नव्हता. चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी आत गेले तेव्हा तो त्याच्यामागे चालतच राहिला आणि भरतीच्या आधी त्याला हाका मारून परत आणावे लागले. घरी तळलेले ताजे बोंबील त्याने आवडीने खाल्ले आणि मिरची मात्र आमच्यापेक्षा जास्त मागून घेतली. त्या घरातली आजी अजून भूतानच्या हवामानाची बातमी लक्ष देऊन ऐकते.

महाराष्ट्रात शिकून गेलेल्यांपैकी सर्वांत मोठे नाव ओलुसेगुन ओबासांजो यांचे. नायजेरियाच्या सैन्यातला हा तरुण अभियंता अधिकारी १९६५ साली भारतात आला, तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकला आणि नंतर पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात. १९७६ ते १९७९ तो देशाचा लष्करी प्रमुख होता. त्याने ठरल्याप्रमाणे सत्ता निवडून आलेल्या सरकारकडे सोपवली. पुढे १९९९ मध्ये तोच माणूस निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला आणि २००० च्या प्रजासत्ताक दिनाला आपला प्रमुख पाहुणा होता. नायजेरियाची स्वतःची प्रबोधिनी १९६४ मध्ये कडुना इथे सुरू झाली तीही खडकवासल्याच्या धर्तीवर आणि तिचे पहिले प्रमुख होते ब्रिगेडियर एम. आर. वर्मा, भारतीय सैन्यातले.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. फिजीचा सितिवेनी राबुका १९७९ साली याच वेलिंग्टनमध्ये शिकला. १४ मे १९८७ रोजी त्याने सशस्त्र सैनिकांसह फिजीच्या संसदेत शिरून सरकार उलथले. भारतीय वंशाच्या खासदारांचे त्या सरकारात बहुमत होते. पुढे हजारो भारतीय वंशाची कुटुंबे देश सोडून गेली. तालिबानचा नेता शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई हा १९८२ च्या सुमारास डेहराडूनच्या अकादमीत कॅडेट होता. शिकवल्याने माणूस आपल्या बाजूचा होतोच, असा समज कोणी करून घेऊ नये. प्रशिक्षणातून ओळख मिळते. ती ओळख पुढे कामी आणण्यासाठी परराष्ट्र खात्याला वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते.

पैशाचा प्रवाह उलटा असलेले उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. पालघरहून जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असे नाशिकला जाताना मी वाकडी वाट करून देवळालीला जातो. देवळालीच्या फायरिंग रेंजवर सिंगापूरचे तोफखान्याचे सैनिक सरावाला येतात. आपला पालघर जिल्हा सिंगापूरच्या किमान सहापट आहे. एवढ्याशा देशात लांब पल्ल्याची तोफ डागायची कुठे? २००८ साली दोन्ही देशांनी करार केला आणि देवळाली व झाशीजवळचे बबिना ही ठाणी सिंगापूरच्या सरावासाठी खुली झाली. सिंगापूर त्याचे पैसे मोजते. ‘अग्नी वॉरियर’ हा तोफखान्याचा संयुक्त सराव इथेच होतो. मला हा व्यवहार सर्वांत स्वच्छ वाटतो. आपल्याकडे जागा आहे, त्यांच्याकडे पैसा आहे आणि दोन्ही बाजूंचे तोफची एकमेकांकडून शिकतात.

आता पुन्हा आपल्याकडे शिकणाऱ्या कॅडेटांकडे येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा आपल्या अकादम्यांत अफगाण कॅडेट शिकत होते. ज्या सैन्यासाठी ते तयार होत होते ते सैन्यच उरले नाही. परत जाणे जिवावरचे होते. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्षण पूर्ण केलेल्या सुमारे ८० जणांना आयटेकमधून बारा महिन्यांचा इंग्रजीचा अभ्यासक्रम दिला आणि निवासाची सोय केली. त्या वेळी निकड भागली, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्यांना आपण आपल्या मुलांच्या रांगेत उभे केले, त्यांचा देश बुडाला तर त्यांना इथे कायम राहण्याचा आणि काम करण्याचा मार्ग असायला हवा. तो नियम आयटेकमध्येच लिहिलेला असावा, म्हणजे संकट आल्यावर प्रत्येक वेळी नव्याने निर्णय करावा लागणार नाही. या कार्यक्रमावरचा आपला खर्च युद्धनौकेच्या किंवा विमानाच्या किमतीसमोर नगण्य आहे. तो वाढवावा, जागा वाढवाव्यात आणि शिकून गेलेल्यांशी संबंध ठेवणारे स्वतंत्र कार्यालय पुण्यातच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालघर-बोईसरच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीचा मुलगा किंवा मुलगी आज खडकवासल्याला असेल, तर त्याला किंवा तिला सांगा की सुट्टीला येताना एखाद्या परदेशी कोर्समेटला बरोबर घेऊन ये. त्याचे आईवडील फार लांब असतात आणि तीन वर्षांत त्याला आपले घर, आपले जेवण आणि आपली माणसे पाहायला मिळायलाच हवीत.