वात तडतडली तर

"पाय, कारा झाला का?" मोठी आईने माझा तळहात ओढून उजेडात धरला. आमच्या झाडीच्या बोलीत 'पाहा'चं 'पाय' आणि 'ळ'चा 'र' होतो. तळहात नुसता हिरवा होता. तिने माझ्या टोपलीतला अर्धा पाला उचलून धुऱ्यावर फेकला. "कंबरमोडी तोडली बाई तू. तासभर."

कंबरमोडी म्हणजे इतर भागातली एकदांडी. तिचं फूल लांब देठावर एकटं उभं असतं. आम्हाला हवा होता माका, केसांच्या तेलासाठी. त्याचं फूल पांढरं, सदऱ्याच्या बटणाएवढं, पानाच्या बगलेजवळ बसलेलं. वाचून हे सोपं वाटतं, पण दोन्ही शेजारी शेजारी उगवतात आणि फूल नसलं की माझ्यासारखीची फसगत ठरलेली. म्हणून मोठी आई फुलावर विसंबत नाही. पान चुरगळून तळहातावर घासते, जरा वेळ वाट बघते. काळं पडलं तर माका, नाही तर गुरांचा चारा.

पोळा होऊन आठ दिवस झालेले. आमचं गाव नाकाडोंगरी, तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण जवळच, पण या दिवसांत डोळ्यांत भरतो तो धान. माका हे खरं तर धानातलं तण. पूर्वी निंदणाच्या बाया घरी येताना ओटीत घेऊन यायच्या. आता बांध्यांमध्ये तणनाशक पडतं, त्यामुळे बांधीतला माका मोठी आई घरात येऊ देत नाही. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठचा, जिथे कुणाचा फवारा पोचत नाही, तेवढाच.

तेलाचं निमित्त होतं वहिनीचं. बाळ पाच महिन्यांचं, आणि गेले दोन महिने तिचे केस मूठमूठ जात होते. फणीत, उशीवर, न्हाणीच्या जाळीत, बाळाच्या मुठीत. ती घाबरली होती. मोठी आई अजिबात नव्हती. "लेकरू मानसं ओरखाले लागलं का मायचे केस गरतात," एवढंच म्हणाली, जणू पाऊस आला की चिखल होतो.

मी हसले, पण मग हिशोब करत बसले. डोक्यावरचा प्रत्येक केस आपल्या पाळीने जगतो. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, साधारण तीन महिने विसावा, मग गळती. म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस जाणं काही विशेष नाही. गरोदरपणात चढलेलं इस्ट्रोजेन केसांना वाढीतच धरून ठेवतं, त्या दिवसांत वेणी जाड होते ती त्यामुळे. बाळंतपणानंतर ते एकदम उतरतं आणि थोपलेले सगळे केस एकदमच विसाव्याला जातात. विसावा तीन महिन्यांचा. लेकरू हसायला, चेहरे ओळखायला लागतं तेही याच सुमारास. म्हणजे मोठी आईचं कारण चुकीचं, तारीख अचूक.

पाला धुऊन पाट्यावर आला. वरवंटा मी हातात घेतला आणि दहा मिनिटांत खांदा भरून आला. वाटलेला लगदा जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पिळला. रस आधी पोपटी, मग गडद, आणि फडकं, पाटा, माझी नखं सगळं शाईत बुडवल्यासारखं. ही शाई चार दिवस निघत नाही. पांढऱ्या केसांवर माक्याचा भरवसा लोकांनी ठेवला तो हे हात बघूनच, असं मला वाटतं.

मोठी आईचं माप लोटीचं. एक लोटी घाणीचं तिळाचं तेल, चार लोट्या रस, वर वाटलेल्या गोळ्याचं पाव लोटीच्या जवळ जाणारं ढेकूळ. त्यात आवळा, गोडलिंब, जास्वंदाची पानं, मूठभर मेथी. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तेल सिद्ध करण्याचं सर्वसाधारण प्रमाण दिलेलं असतं. एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. तिने ती पुस्तकं पाहिलेली नाहीत, लोटी पाहिलेली आहे. दोन्हींचा हिशोब जुळतो.

लोखंडी कढई चुलीवर चढली आणि खरं काम सुरू झालं, म्हणजे बसून राहण्याचं. जाळाने बूड चाटलं पाहिजे, झोंबता कामा नये. पहिला तासभर नुसती खदखद, अंगणभर ओल्या गवताचा उग्र वास. मग रस आटत गेला तसा आवाज बदलला. खदखदीची चुरचुर झाली. मला कंटाळा आला, मी एक जाडसं लाकूड आत सारलं. मोठी आई गोठ्यातून ओरडली. तिने बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. लाकूड ओढून बाहेर काढेपर्यंत कल्क बुडाला धरलाच होता. तिने उलथन्याने खरवडून घेतला, वास घेतला, काही बोलली नाही. ते न बोलणं मला पुरलं.

तेल झालं हे कसं कळतं, हा या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत देखणा भाग वाटतो. शेवटी कढईत फेस चढू लागला. तूप कढवताना फेस बसला की तूप झालं, तेलाचं उलटं, फेस आला की तेल जवळ आलं. तिने उलथन्यावर चिमूटभर कल्क घेतला, फुंकर घातली, अंगठा आणि बोटामध्ये वळला. पहिल्यांदा तो चिकटून तुटला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला, या वेळी त्याची वात झाली, निरांजनात घालावी तशी. ती वात तिने निखाऱ्यावर टाकली. तड्, तड्. "पानी हाय अजून." पंधरा मिनिटांनी दुसरी वात. ती गप्प जळली. तिने कढई खाली ओढली.

तो तडतडीचा आवाज म्हणजे पाण्याचा शेवटचा थेंब. तो राहिला तर तेल महिन्याभरात आंबतं, वर बुरशी धरते. जास्त आटवलं तर कल्क करपतो, तेलाला जळका वास येतो. आयुर्वेदात या पायऱ्यांना मृदू, मध्यम आणि खर पाक अशी नावं आहेत. मोठी आईकडे दोनच शब्द आहेत, कच्चं आणि जळलं. मधल्याला नाव नाही, त्याला ती नुसतं "तेल" म्हणते.

आता यातून केस उगवतात का? माक्यावर प्रयोग झालेले आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात भादरलेल्या उंदरांच्या कातडीवर माक्याचा अर्क लावला, तेव्हा केस लवकर फुटले. उंदीर आणि वहिनी यांच्यात फरक आहे, आणि प्रयोगशाळेतला अर्क आणि चुलीवरचं तेल यांच्यातही. माणसांच्या हार्मोनच्या केसगळतीवर माक्याच्या तेलाचा भक्कम पुरावा माझ्या वाचनात आला नाही. कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या बियांचं मात्र जरा वेगळं. दक्षिण कोरियात ७६ पुरुषांना २४ आठवडे त्या बियांच्या तेलाच्या किंवा तशाच दिसणाऱ्या खोट्या कॅप्सूल दिल्या. २०१४ साली निकाल छापून आला. तेलवाल्यांचे केस सरासरी ४० टक्क्यांनी वाढलेले, दुसऱ्यांचे १०. मी हे मोठ्या उत्साहाने मोठी आईला सांगितलं, कारण तिच्या छपरावर दरसाल कोहळ्याच्या बिया वाळतात. पण त्या कॅप्सूलमध्ये दुसऱ्याही वनस्पती होत्या, तेव्हा श्रेय कोणाचं हे ठरत नाही. हे मी तिला सांगितलं नाही.

माझी स्वतःची केसगळती वहिनीच्या जातीची नाही. माझा भांग गेली तीन वर्षं रुंदावतो आहे, सावकाश, मुठीने नव्हे. अशा गळतीत अनेकदा डीएचटी नावाच्या हार्मोनचा हात असतो. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार होतं आणि ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला हळवी, त्यांची मुळं वर्षागणिक आकसत जातात. बायकांमध्ये त्यात पाळीच्या तक्रारी, पीसीओएस, थायरॉइड, रक्तातलं लोह अशी गुंतागुंत. हे तपासल्याशिवाय तेलाची बाटली उघडणं म्हणजे ताप न मोजता क्रोसिन घेणं. २०२५च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात काही दिवसांत माणसांची टकलं पडली. आधी पाण्यावर संशय गेला. मग डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे कुठलं तेल काय करणार होतं? मी नागपूरला डॉक्टरांनी दिलेलं मिनॉक्सिडिल लावते. ते सोडलं नाही, सोडणारही नाही.

दुसऱ्या दिवशी तेल गाळून बरणीत भरलं. हिरवट काळं, वास तिळाचा आणि चुलीचा. वहिनी अंगणात पाटावर बसली, बाळ माझ्या मांडीवर. मोठी आईने तिचा अंबाडा सोडला आणि मला दिसलं. कपाळाच्या कडेने, कानांच्या वर, बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे होते, पेरलेल्या धानाचे पऱ्हे उगवावेत तसे दाट. तेलाचा पहिला थेंब अजून पडायचा होता.

"मोठी आई, हे तर आधीच आले."

तिने वाकून बघितलं. "आले ना? मंग तेल लावाले नको का त्याईले?" आणि वाटीत बोटं बुडवली.

वहिनीचे डोळे मिटले. मग माझा नंबर लागला, मिनॉक्सिडिलचं कारण चाललं नाही. सर्वांत शेवटी मोठे बाबा आले. टोपी काढून खुंटीवर अडकवली आणि बसले. चाळीस वर्षं ते दर रविवारी हेच तेल लावून घेतात. त्यांच्या टकलावर सकाळचं ऊन पडलं होतं. मोठी आईने उरलेली वाटी त्यावर उपडी केली आणि दोन्ही हातांनी जिरवायला लागली. पाच मिनिटांत ते बसल्या जागी घोरत होते.