चिऱ्याच्या भिंतीत वायफायची दमछाक

मालवण किनाऱ्यावर घरात दुसरा संगणक आला की पहिली मागणी ठरलेली: ‘वायफायची रेंज वाढवून द्या.’ देवबाग-तारकर्लीत पाहुणे ठेवणाऱ्या घरांत तर ती हटकून होते. राउटर ओटीवर, हिशेबाचा संगणक माजघरात, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मागच्या खोलीत. मग एक एक्स्टेंडर येतो, त्याने भागत नाही म्हणून दुसरा. त्यापेक्षा तोच पैसा तांब्याच्या तारेवर आणि सुटे भाग जोडून केलेल्या पीसीवर घालावा, असं माझं मत आहे. हौस म्हणून नव्हे. इथल्या भिंती आणि इथली हवा तसं सांगतात म्हणून.

जांभ्याचा चिरा जाड असतो आणि सच्छिद्रही. पावसाळ्यात तो पाणी पिऊन बसतो, आणि ओली भिंत वायफायच्या लहरी कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गिळते. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा अशा दोन भिंतींतच दम तोडतो. उलट कॅट-६ ची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिटचा वेग बिनतक्रार देते. तिला भिंत ओली की कोरडी याचं सोयरसुतक नसतं. राउटरला एक साधा स्विच जोडला, खोल्याखोल्यांत केसिंगमधून तार नेली (उंदीर लक्षात ठेवूनच) की काम झालं. तार मात्र शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते आणि दगा देते.

‘पण नेटच गेलं तर तार काय कामाची?’ हा आक्षेप नेहमीचा, आणि त्यात एक गफलत आहे. घरातली जोडणी इंटरनेटवर चालत नाही. राउटर देतो ते १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या जगाला ते दिसत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी इन्व्हर्टरवर राउटर, स्विच आणि संगणक चालू राहिले तर हिशेबाच्या फायली, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरातल्या घरात मिळतंच.

आता पीसीकडे. आयबीएमचा पीसी बाजारात आला १९८१ साली, सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा झाला त्याच वर्षी. तो बाजारातल्याच सुट्या भागांचा होता, आणि पुढे १९९५ च्या एटीएक्स मानकामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. किनाऱ्यावर ही सोय लाखमोलाची आहे. हवेतलं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात ती मर्यादा रोजच ओलांडली जाते. असा खारट ओलसर थर प्रथम जोडणीच्या पट्ट्यांवर आणि सॉकेटांवर बसतो. ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून आलेल्या पीसीची रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या, तर पुष्कळदा तो तिथंच सुरू होतो. हीच रॅम मदरबोर्डवर झाळलेल्या लॅपटॉपला तो उपाय नाही. पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस जळला तर कुडाळ-कणकवलीत दुसरा मिळतो. महत्त्वाचं म्हणजे पीसी पावसाळाभर झाकून ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवला की आतली ऊब ओल बसू देत नाही.

लॅपटॉपला बॅटरी असते, हा मुद्दा खरा आहे. वारंवार वीज जाणाऱ्या घरात पीसीला यूपीएस लागतोच, तो खर्च आधीच धरावा. त्याहून गंभीर आक्षेप आकाशातल्या विजेचा. घर आणि अंगणापलीकडच्या खोल्या यांच्यात उघड्यावरून तांब्याची तार नेली, तर वळवाच्या पहिल्याच गडगडाटात दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात. नुसत्या अर्थिंगवर विसंबून भागत नाही. तेवढ्या टप्प्यापुरती फायबर टाकावी, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर. काचेतून वीज वाहत नाही. फक्त एक, आधारासाठी पोलादी तार घातलेली केबल घेऊ नये, नाहीतर वीज त्या तारेवरून घरात उतरेल.