शेजारी मोठा झाला, तर?

मुलांनो, थंडी पडू लागली की शहरातल्या रस्त्यांच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. ही मंडळी थेट हिमालयातून येत असतील, असं तुम्हाला वाटतं ना? पण त्यांच्यातली काही कुटुंबं आपल्या गोंदिया जिल्ह्यातही राहतात, बरं का!

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव आहे. त्याच्याजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. तिथे बौद्ध मठ आहे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका आहेत आणि भोवती आपल्यासारख्याच धानाच्या बांध्या आहेत. बर्फाच्या देशातली माणसं विदर्भाच्या उन्हात कशी आली? त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. शेजारी बलाढ्य होऊ लागला तर काय करावं आणि काय करू नये, हे ती गोष्ट सांगते.

तिबेटच्या शेजारी चीन. तेरावे दलाई लामा १९३३ साली वारले. त्याआधीच त्यांनी आपल्या लोकांना बजावलं होतं, की सावध राहा, सैन्य नीट ठेवा, नाहीतर देश हातचा जाईल. त्यांच्याच काळात, १९२३ साली, ग्यांत्से गावात नव्या पद्धतीची इंग्रजी शाळा निघाली होती. पण नवी विद्या आली तर जुना धर्म बुडेल, अशी भीती काही मठांना वाटली. तीन वर्षांत शाळा बंद! १९४४ साली ल्हासात पुन्हा शाळा काढली, तीही काही महिन्यांतच बंद पडली. बाहेरच्या जगाशी दोस्ती नाही, रस्ते नाहीत, सैन्य जेमतेम. १९५० साली चीनचं सैन्य आत शिरलं. तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे धाव घेतली, पण तो प्रश्न पुढे ढकलला गेला. १९५९ साली चौदावे दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं आली.

दोष अर्थातच घुसणाऱ्याचा. पण दार बंद करून बसल्याने संकट दारातून परत जात नाही, हेही तितकंच खरं.

आता आपली गोष्ट. १९५४ साली भारत आणि चीन यांनी पंचशील करार केला. मैत्रीच्या घोषणा झाल्या. मैत्री करण्यात काहीच चूक नव्हती. पण त्याच वर्षांत चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधला, तो १९५७ साली पुरा झाला. आपली तयारी मात्र मागेच राहिली. २० ऑक्टोबर १९६२ ला हल्ला झाला, तेव्हा कित्येक जवान थंडीचे पुरेसे कपडेही नसताना लढले. महिन्याभराने युद्ध थांबलं. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला,' असं तेव्हा महाराष्ट्रात म्हणत.

मग देशाने काय केलं? नुसता राग धरून बसला नाही. डोंगरात लढणाऱ्या नव्या पलटणी उभ्या केल्या. सीमेवर रस्ते बांधले. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आणि नागपुरात अंबाझरीची आयुध निर्माणी याच साठच्या दशकात उभी राहिली. १९६७ साली सिक्कीमच्या नाथू ला खिंडीत पुन्हा चकमक झाली, तेव्हा आपले जवान मागे हटले नाहीत. आणि पुढे १९९३ साली दोन्ही देशांनी सीमेवर शांतता राखण्याचा करारही केला. एका हातात तयारी, दुसऱ्या हातात बोलणी!

शेतकऱ्यांच्या मुलांना हे लगेच कळेल. शेजारचा शेतकरी श्रीमंत झाला, तर आपण त्याच्यावर जळत बसावं का? नाही. पण तो धुरा कोरू लागला तर गप्पही बसू नये. मोजणी करावी, कागद नीट ठेवावेत, गावातल्या चार माणसांशी संबंध चांगले राखावेत. आणि मुख्य म्हणजे आपलं शेत उत्तम पिकवावं.

१९९० च्या सुमाराला भारत आणि चीन यांच्या अर्थव्यवस्था जवळपास सारख्याच होत्या. आज चीनची आपल्या चौपटीहून मोठी आहे. कारखाने, बंदरं, रस्ते आणि प्रत्येक मुलाला शाळा, यांवर त्यांनी खूप आधीपासून भर दिला. आज आपल्या मोबाइलचे भाग, सौर पॅनेल, औषधांचा कच्चा माल, असं कितीतरी तिकडून येतं. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. तेव्हा ठिकठिकाणी चिनी वस्तू फोडल्या गेल्या. राग खराच होता. पण फोडलेल्या टीव्हीच्या जागी आपला टीव्ही बनवायचा, तर इंजिनिअर लागतात, कारागीर लागतात, प्रयोगशाळा लागतात. ते काम एका दिवसात होत नाही. सीमेवर जवान पाय रोवून उभे राहिले, बोलणीही चालू राहिली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला.

आणखी एक. चीनचं सरकार वेगळं आणि तिथली माणसं वेगळी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. तिकडे आजही त्यांची आठवण काढतात. म्हणून शेजाऱ्याचा द्वेष नको, त्याची ओळख हवी. त्याची भाषा, त्याचा इतिहास, त्याची ताकद, सगळं माहीत हवं.

कधी नवेगाव बांधला सहलीला गेलात, तर गोठणगावची वसाहतही पाहून या. तिथल्या आजी-आजोबांना नमस्कार करा आणि त्यांचं गाव कसं होतं ते विचारा. मग परत येऊन आपल्या शाळेकडे पाहा. ग्यांत्सेची शाळा तीन वर्षांत बंद पडली होती. आपली चालू आहे ना? मग उद्या पहिल्या तासाला हजर!