टाकीत उरले किती, गाडी जाईल किती?

घरातील जाणती बाई कणगीत एक नजर टाकते आणि सांगते, "ही ज्वारी अजून वीस दिवस पुरेल." हे तिला कसे कळते? कणगीत किती ज्वारी उरली आणि घरात रोज किती लागते, असे दोन अंदाज तिच्या मनात असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की झाले. मात्र मध्येच चार पाहुणे मुक्कामाला आले, तर तीच ज्वारी पंधरा दिवसांत संपते.

अलीकडच्या अनेक मोटारींत चालकासमोरच्या फलकावर असाच एक आकडा उमटतो. उरलेल्या इंधनावर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, हे तो सांगतो. आकडा ठळक आणि नेमका दिसतो. म्हणून आपण त्याला मोजमाप समजतो. प्रत्यक्षात तो दोन आकड्यांचा गुणाकार आहे :

उरलेले अंतर = टाकीतील इंधन (लिटर) × एका लिटरमध्ये जाणारे अंतर (कि.मी.)

हे दोन्ही आकडे कोठून येतात ते पाहू.

टाकीत डोकावणारा तरंगक

टाकीत एका दांडीच्या टोकाला हलका तरंगक बसवलेला असतो. इंधन कमी झाले की तो खाली येतो, दांडी फिरते आणि तिला जोडलेला विद्युतरोध बदलतो. या बदलावरून इंधनाची पातळी कळते.

पण पातळी म्हणजे आकारमान नव्हे. टाकी आसनाखाली, नळ्यांच्या आजूबाजूला बसवायची असल्याने तिचा आकार वेडावाकडा असतो. चढावर इंधन एका बाजूला सरकते; वळणावर आणि खड्ड्यांत ते हिंदकळते. काटा सारखा नाचू नये म्हणून यंत्रणा बऱ्याच वाचनांची सरासरी काढून मगच तो हलवते. तरीही लिटर-अर्ध्या लिटरचा फरक राहू शकतो.

एका लिटरमध्ये किती?

दुसरा आकडा मिळवताना गाडीतील संगणक इंजिनात किती इंधन फवारले गेले आणि चाके किती फिरली, याचा हिशेब ठेवतो. हा हिशेब पुष्कळ अचूक असतो; पण तो झालेल्या प्रवासाचा असतो. संगणक असे गृहीत धरतो, की जशी गाडी आतापर्यंत चालली तशीच ती पुढेही चालेल. पाहुणे येणार आहेत, हे त्याला ठाऊक नसते!

भोकरहून हिमायतनगरमार्गे किनवटकडे जाताना डोंगराळ भाग लागतो. समजा, माणसांसह १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी १०० मीटर उंची चढली. तिला लागणारी जादा ऊर्जा mgh या सूत्राने १,२०० × ९.८ × १००, म्हणजे सुमारे १२ लाख जूल होते. इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर सुमारे ४७ लाख जुलांचे इंधन जळेल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख जूल असतात. म्हणजे या एका चढाला दीडशे मिलिलिटर पेट्रोल जादा लागले. लिटरला १४ कि.मी. जाणाऱ्या गाडीचे दोन किलोमीटर तेथेच गेले.

वेगाचेही तसेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० कि.मी.ऐवजी ८० कि.मी. वेगाने गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. याउलट लांब उतारावर इंधन इतके कमी लागते, की सरासरी सुधारते आणि गाडी पुढे जात असतानाही 'उरलेले अंतर' वाढताना दिसते. टाकीत थेंबही वाढलेला नसतो. वाढला तो अंदाज.

मग कंपनी सांगते तो आकडा धरावा का? १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात. गाडी रुळांवर उभी करून चाके जागच्या जागी फिरवतात. मोटारींसाठी वापरात असलेल्या चाचणीक्रमात १,१८० सेकंदांत साडेदहा कि.मी.च्या आसपास अंतर कापले जाते आणि वेग ताशी ९० कि.मी.च्या वर जात नाही. सर्व गाड्यांना सारखीच परीक्षा असल्याने त्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. पण रस्त्यावरचे खड्डे, समोरचा वारा आणि मागच्या आसनावर दाटीने बसलेली माणसे त्या परीक्षेत नसतात.

टाकी रिकामी होताना

आता खरी महत्त्वाची गोष्ट. समजा, इंधनाच्या मापात १ लिटरची आणि लिटरमागील अंतरात २ कि.मी.ची चूक होऊ शकते. गाडी सरासरी १४ कि.मी. जाते.

टाकीत ४० लिटर असताना फलकावर ५६० कि.मी. दिसेल. एक लिटरची चूक म्हणजे शेकडा अडीच; १४ मध्ये २ म्हणजे शेकडा १४. गुणाकारात शेकडा चुकांची साधारणपणे बेरीज होते. म्हणून एकूण चूक जास्तीत जास्त शेकडा १७ च्या आसपास.

टाकीत ५ लिटर असताना फलकावर ७० कि.मी. दिसेल. चूक मात्र तीच एक लिटरची, म्हणजे आता शेकडा २०! एकूण शेकडा ३४.

भोकरहून नांदेड सुमारे ५० कि.मी. आहे. रात्री एखादी जीप रुग्णाला घेऊन निघाली, फलकावर ७० दिसले आणि चालक निर्धास्त झाला. पण टाकीत खरोखर ४ लिटर असले आणि भरलेली जीप लिटरला १२ कि.मी. गेली, तर ती ४८ कि.मी.वर थांबेल. दोन्ही चुका एकाच दिशेने होणे रोजचे नाही, पण अशक्यही नाही. ज्या वेळी आपण आकड्यावर सर्वांत जास्त विसंबतो, त्याच वेळी तो सर्वांत कच्चा असतो.

म्हणूनच पुष्कळ गाड्यांत शून्य दिसले तरी थोडे इंधन शिल्लक राहील अशी योजना असते. ते किती, हे मात्र गाडीगणिक बदलते. जुन्या मोटारसायकलींत यासाठी साधी युक्ती होती. टाकीच्या तोटीत एक नळी उंच आणि एक आखूड असे. उंच नळीपर्यंतचे पेट्रोल संपले की गाडी गचके देई. मग तोटी 'रिझर्व्ह'वर फिरवायची. त्यात भाकीत नव्हते, फक्त इशारा होता. आणि तो सहसा चुकत नसे.

तुम्हीच तपासा

घरच्या गाडीवर हा प्रयोग मोठ्यांच्या मदतीने करता येईल. टाकी पूर्ण भरल्यावर एकूण किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरा. भरलेले लिटर म्हणजे खर्च झालेले इंधन. कापलेल्या अंतराला त्याने भागा. असे पाच वेळा करा आणि सर्वांत मोठे व सर्वांत लहान उत्तर यांतील फरक पाहा. प्रत्येक प्रवासाच्या आरंभी व शेवटी फलकावरील 'उरलेले अंतर'ही टिपा. गाडी ४० कि.मी. गेली आणि आकडा ५५ ने उतरला, तर त्या दिवशी रस्ता, वारा, ओझे यांपैकी काय वेगळे होते ते शोधा. शिक्षकांना मापनातील त्रुटी शिकवताना ही वही उपयोगी पडेल.

टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवून पाहू नका. आधुनिक गाडीतील पंप टाकीतील इंधनानेच थंड राहतो. इंधन नसले तर तो बिघडू शकतो.

आणि घरातील मंडळी लांबच्या प्रवासाला निघाली, की त्यांना एवढे अवश्य सांगा : टाकी तळाला आली असेल, तर फलकावरील आकड्यातून एक तृतीयांश वजा करा आणि उरेल तेवढ्याच अंतराचा भरवसा धरा. सत्तर दिसले तर सत्तेचाळीस. म्हणजे पेट्रोल भोकरलाच भरायचे.