पंचाचे घर

जिंकणाऱ्याला हार मिळतो, हरणाऱ्याला हळहळ. पंचाला काय मिळते? निर्णय अचूक असला तर त्याचे नाव कोणी घेत नाही. चुकला तर कोणी विसरत नाही. आमच्या लिंबागणेशसारख्या गावात कुस्तीचा निकाल देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर पारावर बसायचे असते. मग परमुलखात उभ्या राहणाऱ्या पंचाचे काय होत असेल?

पिलू रिपोर्टर यांचेच पाहा. ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळातले नोकरदार. १९८४ ते १९९३ या काळात त्यांनी १४ कसोटी सामन्यांत पंचगिरी केली. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज एकमेकांशी झुंजले, तेव्हा ते आणि व्ही. के. रामस्वामी असे दोघे भारतीय त्रयस्थ पंच म्हणून उभे होते. चित्रफीत पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला तो १९९२च्या अखेरीस. तोवर क्षणात बोट वर करायचे, अन् त्याचे ओझे एकट्याने वाहायचे!

नोकरी आणि संसार सांभाळून हे कसे जमते, असे आपण विचारतो. मला वाटते, त्या दोहोंमुळेच जमत असावे. कचेरीतली फाईल आणि घरातले वाणसामान माणसाला कालचे अपील विसरायला लावतात. २००२ पासून वरच्या श्रेणीतले पंच पूर्णवेळ झाले. मानधन वाढले, पण कचेरी सुटली, घर महिनोन्‌महिने दुरावले. म्हणून पंचाला मानधनाइतकीच घरी जायची सुटीही हक्काने मिळाली पाहिजे. मन ठिकाणावर असेल, तरच नजर ठिकाणावर राहील.