पदर, स्कार्फ आणि हिजाब

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेल्या मुलींचा धर्म ओळखणे अशक्य होते. सगळ्यांच्या डोक्या-तोंडाला स्कार्फ, उघडे फक्त डोळे. कोणी काही विचारत नाही. कॉलेजच्या फाटकाशी एक मुलगी स्कार्फ सोडते, दुसरी फक्त तोंड मोकळे करून डोके झाकलेलेच ठेवते, आणि तिथे वादाला तोंड फुटते.

या वादात आपण तीन शब्दांची सरमिसळ करतो. हिजाबने डोके झाकते, नकाबने चेहरा, बुरख्याने सारे अंग. गंमत म्हणजे कुराणात 'हिजाब' हा शब्द आडपडदा अशा अर्थाने येतो. ओढणीसारख्या वस्त्राला तिथे 'खिमार' म्हटले आहे. ती आयत सूरह नूरमध्ये आहे, आणि तिच्या आधीच्याच आयतीत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितले आहे. तिची चर्चा फारशी होत नाही!

बँकेत असताना काउंटरवर विडी कामगार बायका येत. फोटो जुळवायचा म्हणून एखादी नकाब वर करी आणि लगेच खाली सोडी. तिच्या शेजारची पद्मशाली बाई साहेबासमोर पदर डोक्यावर ओढून घेई. त्यात श्रद्धा किती, सवय किती आणि सासूचा धाक किती, हे मला तेव्हाही सांगता आले नसते. पदराला मात्र आपण हा प्रश्न कधी विचारला नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी फार्मसी शिकते. आई डोक्यावर काही घेत नाही, ही घेते. मी तिला सरळच विचारले, "यात अभिमान किती गं?"

ती म्हणाली, "काका, सुरुवातीला नव्हता. ते माझं आणि अल्लाचं होतं. लोक टोकायला लागले, तेव्हापासून वाटायला लागला."

मला हे उत्तर उडुपीच्या सगळ्या वादापेक्षा मोलाचे वाटते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही असे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते एकमेकांविरुद्ध गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेंबूरच्या एका कॉलेजच्या बंदीला स्थगिती देताना त्याच न्यायालयाने, टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का, असे विचारले. वर्गात चेहरा झाकण्याची मुभा मात्र दिली नाही. मला ही रेघ योग्य वाटते. पण धर्मग्रंथात काय अत्यावश्यक आहे याचा निवाडा होईपर्यंत मुलीची परीक्षा निघून जाते, त्याचे काय?

उलट बाजूही तितकीच खरी. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर बायकांनी डोक्यावरची वस्त्रे जाळली. तिथे सक्ती सरकारची होती. आपल्याकडे १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हे त्यांचे प्रश्न होते. बाईच्या डोक्यावर काय आहे यापेक्षा तिच्या डोक्यावरचे छप्पर एका शब्दाने जाऊ नये, याची त्यांना काळजी होती.

फार्मसीवाल्या मुलीच्या धाकट्या बहिणीने डोके झाकायला साफ नकार दिला आहे. मोहल्ल्यातल्या खाला तिला रस्त्यात अडवून विचारतात. तेव्हा हिजाब नीट करत थोरली पुढे होते आणि तिच्या वतीने भांडते.