ड्रायव्हरला पत्ता कोण देतं?

कुठलंही उपकरण चालवण्याआधी ते संगणकात आहे का आणि असलं तर कोणत्या पत्त्यावर, हे ड्रायव्हरला कळावं लागतं. पीसीआय आणि यूएसबी उपकरणं विचारल्यावर आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगतात. (पीसीआयवर इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा कंपनीने इथेही मिरवला.) आयटूसी या दोन तारांच्या मार्गावर बसलेला टचपॅड किंवा तापमान मोजणारी चिप मात्र आपण कोण ते सांगत नाही.

जुन्या आयएसए कार्डांचंही तेच होतं. ड्रायव्हर संभाव्य पत्त्यांवर काहीबाही लिहून उत्तराची वाट पाहत. मुलुंडच्या सोसायटीत नवख्या कुरिअरवाल्याने प्रत्येक दाराची बेल वाजवावी, तसा प्रकार. पत्त्यावर भलतंच कार्ड निघालं तर कधीकधी अख्खा संगणक गोठायचा. तळमजल्यावर नावांची पाटी असली की ही वणवण टळते, आणि फर्मवेअर पुरवतं ती यादी म्हणजे ही पाटीच. इंटेल घराण्यातल्या संगणकांत ती एसीपीआय तक्त्यांमध्ये असते. ही पद्धत इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणली. एआरएम बोर्डांवर तेच काम बहुधा ‘डिव्हाइस ट्री’ करतो.

डिव्हाइस ट्रीचं मूळ सन मायक्रोसिस्टिम्सच्या स्पार्क संगणकांत आहे. तिथे मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेत ओपनबूट रचलं आणि १९९४ मध्ये त्याचं आयईईई १२७५ हे मानक झालं. कोट्यवधी फोनांत ही कल्पना नांदते, ब्रॅडलींचं नाव मात्र क्वचितच निघतं. पवईच्या आयआयटीत घडलेल्या ‘अजित’ प्रोसेसरनेही स्पार्कचाच आज्ञासंच घेतला. २०१९ मध्ये कौतुक झालं ते त्याच्या स्वदेशीपणाचं. खरं तर ही वंशावळही तितकीच रंजक आहे.

जुन्या ड्रायव्हरला फर्मवेअरच्या यादीची सोय द्यायला थोडाच कोड पुरतो. ‘पीएनपी०५०१’ (सीरियल पोर्ट) यांसारख्या ओळखींचा तक्ता त्यात जोडला जातो. कर्नल तो फर्मवेअरच्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळलं की ड्रायव्हरला हाक मारतो. पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांकही यादीतूनच मिळतो. चाचपडण्याचा जुना मार्ग, फर्मवेअर गप्प असेल तेव्हापुरता, ठेवता येतो.

पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पुष्कळ लॅपटॉपांचं फर्मवेअर विंडोजपुरतंच तपासलेलं असतं, म्हणून ‘तू विंडोज का?’ या त्याच्या प्रश्नाला लिनक्स बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर ड्रायव्हरमध्ये त्या मॉडेलच्या नावानिशी अपवाद लिहावा लागतो.